काकूंचा फ्रीज

आमच्या आईला रिकामे डबे मांडून ठेवायची हौस होती. शेजारच्या काकूंचे यजमान आखातात नोकरीला होते. ते सुट्टीवर आले की चाळभर चॉकलेटं वाटली जायची, आणि डबा संपला की काकू तो फेकण्याआधी आमच्या दाराशी यायच्या. आई तो धुऊन-पुसून दारासमोरच्या फळीवर ठेवायची, चित्राची बाजू पुढे करून. त्या फळीवर सेंटची रिकामी बाटली होती, परदेशी दूध पावडरीचा डबा होता, घोडागाडीचं चित्र असलेला बिस्किटांचा डबा होता. डाळ-तांदूळ मात्र आतल्या खोलीत, गंजक्या पत्र्याच्या डब्यांत. मी एकदा म्हटलं, "अगं, यात निदान रवा तरी भर." तर म्हणाली, "हात लावू नकोस, पोचे पडतील."

मुलुंडला आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. वडील सरकारी कचेरीत कारकून, मी भांडुपच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. घरात एक लोखंडी खाट, दोन घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात तिवईवर माठ आणि भिंतीवर रेडिओ. बाबा संध्याकाळी आले की हातपाय धुऊन खाटेवर पाय वर घेऊन बसायचे, बशीत चहा ओतायचे आणि खिडकीतून वारा आला की म्हणायचे, "आणखी काय पाहिजे माणसाला?" आई आतून लगेच यादी सांगायची. बाबा हसायचे आणि दुसरी बशी भरायचे. खरं सांगायचं तर त्यांचं ते समाधान मला कधीकधी आळसासारखं वाटायचं आणि आईची धुसफूस जास्त जवळची. आज विचाराल तर मला यातलं काहीच ठामपणे सांगता येणार नाही.

माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा रंगीत टीव्ही नुकतेच आले होते. पहिलं स्थळ ठाण्याचं होतं. मंडळी आली, पोहे खाल्ले, नीट बोलली. जाताना जिन्यात मुलाची मावशी मुलाच्या आईला म्हणाली, "बसायला धड खुर्ची नाही गं यांच्याकडे." आई त्यांना पोचवायला मागोमाग उतरत होती. तिने ते ऐकलं. वर आली, त्या घडीच्या खुर्च्या मिटल्या आणि खाटेखाली अशा सरकवल्या की भिंतीचा पोपडा निघाला. नकार आल्यावर बाबा म्हणाले, "बरं झालं, असली माणसं नकोतच." आई फळीवरचे डबे पुसत होती. मला वाटलं, विसरली.

दुसरं स्थळ बाबांच्या ऑफिसातल्या एका स्नेह्यांनी आणलं. मुलगा घाटकोपरला महापालिकेच्या शाळेत मास्तर. आई-वडील आणि तो, एवढंच कुटुंब, मूळचे कोकणातले, आमच्यासारखेच. पगार बेताचा, पण स्नेही म्हणाले, "माणसं सोन्यासारखी आहेत." आईने पत्रिका बघितली, फोटो बघितला आणि म्हणाली, "या वेळी मी कुणाला बोलायला जागा ठेवणार नाही."

आता चाळीत उसन्या वस्तूंचं काही नवल नव्हतं. कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे येणार असले की एका घरातून कपबश्या, दुसऱ्या घरातून चादर, तिसऱ्या घरातून टेबलफॅन असं आपोआप चालत यायचं. कुणी मागायचं नाही आणि कुणी त्याचं बोलून दाखवायचं नाही. आमचा फुलाफुलांचा ट्रे तर इतक्या कार्यक्रमांना जाऊन आला होता की चाळीतली निम्मी लग्नं त्यानेच जमवली असं मी म्हणायचे. पण हे सगळं कपबश्यांपर्यंत होतं. पाहुण्यांनाही ते ठाऊक असायचं, कारण त्यांच्याही चाळीत तेच चालायचं. आईने ती वेस ओलांडली. तिने गॅलरीच्या टोकाच्या घरातून सोफा मागितला आणि काकूंकडून रंगीत टीव्ही. काकू मालवणी, मन मोठं; वस्तू काय मरताना बरोबर न्यायच्यात, असं त्यांचं नेहमीचं म्हणणं. त्या म्हणाल्या, "गो, टीव्ही न्हेतास तर फ्रीज कित्याक ठेवतास? माका काय तो वांगडा घेवन जावचो हा? न्हेवा!"

चाळीतल्या पोरांनी रविवारी सकाळी फ्रीज हलवला. काकूंच्या दारातून तो उभा निघेना, म्हणून आडवा केला आणि आडवाच आमच्याकडे आणला. तो जागेवर बसल्यावर काकूंना आठवलं की यजमानांनी बजावून ठेवलंय: आडवा केला तर संध्याकाळपर्यंत चालू करायचा नाही, नाहीतर मशीनची वाट लागते. म्हणजे पाहुणे येणार चार वाजता आणि फ्रीज तोपर्यंत नुसतं पांढरं कपाट. आईचा चेहरा पडला, पण क्षणभरच. तिने वायर मागे खोचून टाकली, सरबतवाल्याकडून बर्फाची लादी आणवली आणि ती पातेल्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली, शेजारी कोकम सरबताच्या दोन बाटल्या. बाकी आत काही नव्हतं. काकूंचं सामान काकूंकडे, आणि आमच्याकडे फ्रीजमध्ये ठेवण्यासारखं होतंच काय?

एवढ्या वस्तू आल्यावर आमच्या वस्तूंना जागा उरेना. खाट, खुर्च्या, माठ, तिवई, सगळं उचलून काकूंच्या खोलीत नेऊन ठेवलं. बाबा दारात उभे राहून बघत होते. "मी पण तिकडेच जाऊन बसू का?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "तुम्ही सदरा बदला." मी मात्र, कबूल करते, सोफ्यावर बसून दोनदा उसळी मारून पाहिली. चांगला मऊ होता.

मंडळी वेळेवर आली. मुलाचे वडील अबोल. त्याची आई सुती पातळातली, हडकुळी, कामाची सवय असलेल्या हातांची. तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. दारातून आत पाऊल टाकताना ती पिशवी पुढे करायच्या बेतात होती असं मला वाटलं, पण तिची नजर सोफ्यावरून टीव्हीवर, टीव्हीवरून फ्रीजवर गेली आणि तिने पिशवी मागे घेतली. मग सगळा वेळ ती पिशवी तिच्या पायांशी होती. सोफ्यावर ती अगदी कडेला बसली, एखाद्याच्या गाडीत बसल्यासारखी. मुलगा मधे बसला. उंच, थोडासा वाकलेला, बोटांना खडूची पूड असावी असे कोरडे हात. माझ्याकडे बघून त्याने आधी नमस्कार केला, आणि तो कुणी सांगितलं म्हणून नाही. मला तो तिथेच आवडला. एवढं सोपं असतं ते, आणि पुढे इतकं अवघड का होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

पोहे झाले, प्रश्न झाले. सरबत आलं तेव्हा आई मुद्दाम म्हणाली, "फ्रीजमधलं आहे, दात दुखत असतील तर सांगा हं." बाबांनी मान खाली घातली.

एवढ्यात फ्रीजच्या खालून पाण्याचा ओघळ निघाला. पातेलं भरून वाहत होतं. मुलाच्या आईच्या ते आधी लक्षात आलं. पाणी सांडलेलं दिसल्यावर जी बाई बसून राहू शकत नाही अशातली ती होती. "अगोबाई, आत काहीतरी कलंडलंय वाटतं," म्हणत ती उठली, पदर खोचला आणि फ्रीजच्या मुठीला हात घातला. आई खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. ती कशी पोचली देव जाणे. फ्रीज आणि ती बाई यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली, पाठ दाराला टेकवून. "छे छे, तुम्ही पाहुण्या. तुम्ही हात लावायचा नाही. या फ्रीजचं हे असंच आहे, बर्फ फार धरतो." मुलाची आई ओशाळली. "आम्हाला काय कळतंय त्यातलं," असं म्हणत परत जाऊन बसली. मी फडकं आणून पाणी पुसलं. आई तशीच उभी. नंतर पाहुणे जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

मग आम्हा दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं. गॅलरीत बोलायचं म्हणजे चाळ कान टवकारून आहे हे धरून बोलायचं. तो कठड्याला टेकून खाली बघत होता. म्हणाला, रविवारी डबा घेऊन पवईच्या तळ्याकडे जायला त्याला आवडतं, कुणी बरोबर नसलं तरी. मी म्हटलं, मला पायी फिरायला आवडतं. मग तो माझ्याकडे वळला.

"एक विचारू? आमची एकच खोली आहे. फ्रीज, टीव्ही, यातलं काही नाही. माठ आहे. तुम्हाला जमेल?"

आमचा माठ त्या वेळी आमच्यापासून चार पावलांवर होता. काकूंचं दार लोटलेलं होतं आणि त्या दाराआड आमचं खरं घर, खाट, खुर्च्या, तिवई, सगळं एकमेकांवर रचून ठेवलेलं. मी नुसतं दार ढकललं असतं तरी पुरलं असतं. माझ्या पाठीमागच्या खिडकीत, फ्रीजला टेकून उभ्या आईची सावली होती. तिचा उजळलेला चेहरा मला न वळता दिसत होता. मी म्हटलं, "मला माठातलंच पाणी आवडतं."

यापेक्षा खरं मी आयुष्यात काही बोलले नसेन. तो हसला, छान हसला, पण मान हलवली. "दोन दिवस आवडतं. रोज नाही आवडत." त्याला वाटलं, मी त्याचं मन राखायला बोलतेय.

बाबांचे स्नेही आठवड्याने निरोप घेऊन आले. सोफा तोवर आपल्या घरी गेला होता, फ्रीज आणि टीव्ही काकूंकडे. ते नेहमीसारखे आमच्या खाटेवर बसले आणि इकडेतिकडे बघू लागले, ऐकलेलं काहीच दिसत नाही म्हणून गोंधळल्यासारखे. मग म्हणाले, "मुलाला मुलगी पसंत आहे. त्याच्या आईला तर फारच. पण ती म्हणाली, भरल्या घरातली मुलगी आहे, आमच्या एका खोलीत आणून तिला रडवायची नाही. तिने येताना घरचं कुळथाचं पीठ आणलं होतं तुमच्यासाठी. म्हणे, त्या घरात ते कसं द्यायचं? लाज वाटली. परत घेऊन गेली."

मी तांदूळ निवडत होते. माझा हात ताटात तसाच राहिला. आणि आईचा चेहरा? आईचा चेहरा फुलला. मला ते लिहितानाही राग येतो. "काय म्हणाल्या? भरल्या घरातली?" तिने त्यांना परत सांगायला लावलं, मग आत जाऊन त्यांच्यासाठी लाडू आणले. त्या दिवसानंतर गॅलरीत जी भेटेल तिला ती सांगायची, "नकार आला, पण का आला माहितीये? म्हणे, आमच्या आवाक्यातलं घर नाही ते!" एरवी नकाराची गोष्ट बायका दाबून ठेवतात. आमच्या आईने ती हळदीकुंकवात सांगितली.

त्याच संध्याकाळी बाबांनी सदरा चढवला आणि चपला शोधू लागले. "कुठे निघालात?" आईने विचारलं.

"घाटकोपरला. खरं काय ते सांगून येतो. चांगली माणसं आहेत, समजून घेतील."

"काय सांगणार? लोकांच्या वस्तू आणून तुम्हाला फसवलं, असं? आत्ता निदान मान ठेवून नाही म्हणालेत. हे कळलं तर तुमची मुलगी फुकट दिली तरी घेणार नाहीत. आणि चार लोकांत सांगतील ते वेगळंच."

बाबा चपला हातात धरून उभे राहिले. मी बघत होते. मनात म्हणत होते, जा, बाबा, एवढं तरी करा, ऐकू नका तिचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग चपला खाली ठेवल्या आणि सदरा काढून खुंटीला अडकवला. त्यांनी नेहमीसारखं खाटेवर बसून बशीत चहा ओतला, पण त्या दिवशी ते वाक्य म्हणाले नाहीत. नंतरही फारसं कधी म्हणाले नाहीत.

आईचं म्हणणं तसं पाहिलं तर चुकीचं नव्हतं. फसवणूक ती फसवणूकच. पण मला राहून राहून वाटतं, त्या बाईला जे घर हवं होतं ते आमच्याकडे होतं. तिला खाट हवी होती, माठ हवा होता, ओघळ पुसायला न लाजणारी मुलगी हवी होती. हे सगळं आम्ही त्या दिवशी भिंतीपलीकडे लपवलं आणि जे तिला नको होतं ते दिमाखात मांडलं. आम्ही गरीब आहोत हे आम्हाला असं कधी टोचलं नव्हतं. कुणीतरी जिन्यात बोललं म्हणून टोचलं. आणि ज्या बाईने टोचलं ती कधीच निघून गेली होती. तिला दाखवायचं होतं ते आम्ही भलत्यालाच दाखवलं.

पुढे कधीतरी मी ऑफिस सुटल्यावर मुलुंडच्या बसऐवजी उलट्या दिशेची बस पकडून घाटकोपरला गेले. त्याच्या शाळेचं नाव मला पत्रिकेखाली लिहिलेल्या माहितीवरून पाठ होतं. फाटकाशी जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते बसमध्ये घोकलं होतं: तो फ्रीज आमचा नव्हता. एवढंच. शाळा सुटली, मुलं ओरडत बाहेर आली आणि मागून तो आला, दोन मुलांशी बोलत, हसत. मला ते वाक्य इतकं हास्यास्पद वाटलं की मी पाठ फिरवून रस्त्यापलीकडच्या भाजीवालीकडे गेले आणि नको असलेली मेथी घेतली. उन्हाळ्यात त्याचं लग्न झाल्याचं कळलं. मुलगी त्यांच्याच चाळीतली होती म्हणे.

माझं लग्न झालं नाही. त्याला कारणं अनेक, आणि सगळी त्या फ्रीजच्या माथी मारायची नाहीत मला. पुढे बाबांचं आजारपण आलं, ते गेले, मग स्थळंही कमी झाली आणि माझा हट्टही वाढला. दिवस वाईट गेले असं नाही. पवईच्या तळ्यावर मी एकदा डबा घेऊन गेले. डास फार होते.

त्या दशकाच्या शेवटी मी स्वतःच्या पगारातून फ्रीज घेतला. लहानसा, निळा. दुकानदाराची माणसं तो उभा घेऊन आली, उभाच आत नेला, मी सबंध जिनाभर त्यांच्यामागून ओरडत होते, "आडवा करू नका, आडवा करू नका." आईने त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. काकू पेढे घेऊन आल्या. चाळीतल्या बायका येऊन दार उघडून बघून गेल्या, आई एकेक कप्पा दाखवत होती. मी मनात म्हटलं, झालं, आता हिचं महिनाभर हेच.

दुपारी सगळ्या गेल्यावर मी भांडी आवरत होते. बाहेरच्या खोलीत आवाज नाही म्हणून डोकावले. आई फ्रीजचं दार उघडं टाकून समोर उभी होती. आत फक्त पाण्याची एक बाटली होती. दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता.

"आई, दार लाव, गारवा जातो," मी खेकसले. आम्ही दोघी अशाच बोलायचो.

ती हलली नाही. म्हणाली, "तो पण असाच होता ना गं? रिकामा."

कुठला, ते मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल आम्ही दोघींनी एक अक्षर काढलं नव्हतं. हळदीकुंकवातली तिची बढाईसुद्धा केव्हा थांबली ते मला कळलं नव्हतं. तिला कधी ना कधी ऐकवायचं म्हणून मी कितीतरी वाक्यं जमवून ठेवली होती, चांगली धारदार. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"त्या माउलीने मुठीला हात घातला होता," आई म्हणाली. "नुसतं उघडून बघितलं असतं तरी तिला कळलं असतं, ही आपल्यासारखीच माणसं आहेत. हसली असती, पीठ हातात ठेवलं असतं. मीच आडवी गेले."

मी जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती आत बघतच म्हणाली, "उघडू द्यायला हवा होता गं मी."